लाल स्टिकर, कारणासकट

लग्नाकार्यात कुणी विचारलं, "तुम्ही काय करता?" की माझी पंचाईत होते. "फॅक्टरीत पॅकिंग बघते," असं सांगितलं की समोरचा माणूस "अच्छा, अच्छा" म्हणतो आणि जिलेबीकडे वळतो. पाकिटात काय बघायचं असतं, असं त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं असतं! मीही आता समजावत बसत नाही. शेंद्र्याच्या फॅक्टरीत इतकी वर्षं काढली, की आता माझ्याकडे समजावण्यापेक्षा सांगण्यासारखंच जास्त साठलंय. रिजेक्ट पाकिटांचं पोतं रोज संध्याकाळी भंगारवाला उचलून नेतो. किस्से कोण नेणार? ते पडून राहतात, फुगत जातात आणि मग एखाद्या रविवारी असे बाहेर काढावे लागतात.

आमच्याकडे बटाट्याचे वेफर्स, शेव आणि काचेच्या बरणीत खजूर-चिंचेची गोड चटणी तयार होते. मी सोनवणे, क्वालिटीची सुपरवायझर, पॅकेजिंगचा डिप्लोमा झालेली. मशीनवर आमचे रऊफभाई, शहागंजचे. त्यांच्या हातात पाना असला की मशीनसुद्धा सावरून बसतं. सगळ्यांच्या वर प्लँट हेड बोरसे साहेब. आणि तीन नंबरच्या लाईनवर सिंधूताई साळवे, हेल्पर. हे सगळं मी लिहायला बसले ते या बाईमुळे.

आमच्या हॉलमध्ये भिंतीवर एक नियम फ्रेम करून लावलाय. मालात दोष दिसला तर हेल्परपासून साहेबांपर्यंत कुणीही लाल स्टिकर लावून माल थांबवू शकतो. स्टिकरवर दोन रकाने असतात. एक नावाचा, एक कारणाचा. दोन्ही भरल्याशिवाय स्टिकर चालत नाही. नियम छानच आहे, पण माल थांबला की लाईन थांबते, आणि लाईन थांबली की अख्खी शिफ्ट स्टिकर लावणाऱ्याकडे खाऊ की गिळू नजरेनं बघते. त्यामुळे त्या फ्रेमवर धूळ होती.

सिंधूताई आल्या आणि धूळ उडाली! पहिल्याच आठवड्यात चार स्टिकर. नावाच्या रकान्यात ठसठशीत अक्षरात, 'सिंधू मिलिंद साळवे, मु. पो. देवगाव रंगारी'.

मी म्हटलं, "अहो ताई, गाव कशाला लिहिता?"

"दुसरी कुनी सिंधू साळवे असली म्हंजे? उगं तिच्यावर आळ नको, मॅडम."

*

त्यांचा खरा रोग दुसराच होता. प्रत्येक वस्तू हातात घ्यायची, उलटीपालटी करायची आणि विचारायचं, "हे कामून?" म्हणजे हे कशासाठी. पाकिटाच्या कडेला नक्षी कामून? झाकणाला आतून रबर कामून? रऊफभाईंनी त्यांचं नावच पाडलं. लाईनवर त्या दिसल्या की हे ओरडायचे, "आ गई कामूनताई! चलो भई, अब मशीन का इंटरव्ह्यू होता!"

एकदा त्यांनी चटणीची रिकामी बरणी माझ्यासमोर उलटी धरली. बुडाला कडेकडेनं बारीक दाण्यांची रांग असते, तुम्हीही पाहिली असेल.

"मॅडम, हे दाने कामून?"

खरं सांगते, मला माहीत नव्हतं. पण हॉलमध्ये आठ बायका बघत होत्या आणि माझ्या गळ्यात डिप्लोम्याचं ओळखपत्र लटकत होतं. मी ठोकून दिलं, "ग्रिपसाठी. बरणी हातातून सटकू नये म्हणून."

"बुडाला कोन धरतंय बरनी?"

मी म्हटलं, "काम करा."

आठ दिवसांनी काचेच्या कारखान्याचा माणूस बरण्यांची गाडी घेऊन आला. सिंधूताईंनी त्याला जेवणाच्या सुट्टीत गाठलं आणि सगळं वदवून घेतलं. नवी बरणी साच्यातून निघते तेव्हा कडक तापलेली असते. ती सपाट बुडानं गार पट्ट्यावर टेकली तर तडकते. दाणे असले की पट्ट्याला फक्त दाणे टेकतात, बाकी बूड अधांतरी राहतं. चरेही दाण्यांनाच पडतात.

हे सगळं त्यांनी मला येऊन सांगितलं. हळू आवाजात सांगितलं, हा त्यांचा मोठेपणा. वर म्हणाल्या, "मॅडम, म्हाईत नसंल तर नाय म्हना की. नाय म्हनायला डिप्लोमा लागत नाय."

लाज वाटली. अजून वाटते.

*

त्याच सुमाराला लाईन चेकरची जागा निघाली. चेकर म्हणजे दिवसभर फक्त माल तपासणारा माणूस. हेल्परला निळा कोट, चेकरला पांढरा. सिंधूताईंनी अर्ज केला. बोरसे साहेबांनी तो वाचला आणि परत दिला.

"नववी पास? चेकरला बारावी लागते. नियम आहे."

"नियम हाये व्हय?"

"हो."

"मंग नियम हाये तर करू की पुरा," असं म्हणून बाई अर्ज घडी करून घेऊन गेल्या. साहेबांना वाटलं, विषय संपला. मलाही तसंच वाटलं. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत डब्याशेजारी दहावीचं गणिताचं पुस्तक उघडं होतं, आणि त्याला वेफर्सच्या पाकिटांच्या रिजेक्ट रोलचं चकचकीत कव्हर घातलेलं होतं.

*

एकदा पुण्याहून एक डिझायनर आला. शेवेचं पाकीट नव्यानं सजवायचं होतं. पोरगा हुशार. पाकिटावर मिशीवाला आचारी काढला होता, असा की बघूनच भूक लागावी. रोल छापून आला, मशीनवर चढला, आणि पहिली शंभर पाकिटं बाहेर पडली. पहिल्या पाकिटावर आचाऱ्याचे पाय वर आणि टोपी खाली! पुढच्यावर दोन मिशा, मध्ये डोकंच नाही. त्याच्या पुढच्यावर नुसतं पोट!

झालं होतं असं की रोलच्या कडेला एक छोटा काळा चौकोन असतो. मशीनमधला डोळा तो चौकोन बघतो आणि पाकीट नेमकं कुठं कापायचं ते त्याला कळतं. आमच्या कलाकाराला तो चौकोन डाग वाटला. त्यानं प्रेमानं पुसून टाकला होता.

पोरगा घामाघूम. "पण तो किती अग्ली दिसत होता!"

रऊफभाईंनी एक पोटवालं पाकीट त्याच्या हातात दिलं. "डिझाईन तो एक नंबर है, साब. बस मशीन की आँख तुम फोड डाले. अब अंधे को कैंची देको बोलते, बाल अच्छे काट!"

त्या दिवशी मी रोलचं दप्तर चाळलं. नवा रोल आला तेव्हाच त्यावर लाल स्टिकर लागलं होतं. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, 'काळा चौकोन गायब. कामून?' आणि ते स्टिकर काढून रोल पुढे पाठवणारी सही होती माझी.

*

सिंधूताईंचे दीर वैजापूरच्या मार्केट यार्डात कांद्याच्या आडत्याकडे आहेत. माणूस चेष्टेखोर. वहिनी दिसली की सुरू, "काय वयनी, आज किती हवा इकली? आर्ध्या पाकिटात वेफर्स आन् आर्ध्यात वारा!"

एके दिवशी ताई माझ्याकडे आल्या. "मॅडम, दोन पाकिटं पायजेत. एक नेहमीचं. एकात गॅस भरायचा नाय."

पाकिटात आपण साधी हवा भरत नाही, नायट्रोजन भरतो. साध्या हवेनं तेलाला खवट वास येतो. आणि फुगलेलं पाकीट उशीसारखं असतं, आतला माल दबत नाही. हे मी दिरांना पत्र लिहून कळवायला तयार होते. ताई म्हणाल्या, "पत्रानं त्यांचं तोंड बंद व्हनार नाय."

दोन्ही पाकिटं एकाच पिशवीत घालून बाई एसटीनं वैजापूरला गेल्या. गर्दी होती, पिशवीवर कुणाचं तरी गाठोडं होतं, कुणाचा तरी गुडघा होता. यार्डात पोहोचल्यावर चार हमालांसमोर त्यांनी दोन्ही पाकिटं फोडली. गॅसवाल्यातले वेफर्स अख्खे. दुसऱ्यात भुगा.

"बगा भावजी! ह्यो तुमचा वारा काय काम करतो ते!"

दिरांनी भुग्याची चिमूट तोंडात टाकली. मग मूठ टाकली. मग डब्यातली भाकरी काढली, कांदा फोडला, त्यावर सगळा भुगा पसरला आणि म्हणाले, "वयनी, हेच लई भारी लागतंय. साहेबाला सांगा, असाच इका!"

बाई परत आल्या त्या फणफणत. दोन दिवस गॅस हा शब्द कुणी काढला नाही.

*

मसाला शेवेच्या मोठ्या पाकिटात आम्ही ओल शोषणारी एक छोटी पुडी टाकतो. पांढरी, आत बारीक मणी. तिच्यावर इंग्रजीत 'खाऊ नका' असं छापलेलं असायचं.

एक दिवस एका बाईंचं तक्रारीचं पत्र आलं. अक्षर सुंदर, भाषा सभ्य. 'आपली शेव उत्तम आहे. मात्र सोबतच्या मसाल्याच्या पुडीला अजिबात चव नाही. मी ती तीन वेळा निरनिराळ्या भाज्यांत घालून पाहिली. कृपया मसाल्याकडे लक्ष द्यावे.'

ऑफिसात सगळे पोट धरून हसले. साहेबांचे तर डोळे पाणावले. मी ते पत्र लाईनवर वाचून दाखवलं, तिथंही हशा. एकट्या सिंधूताई हसल्या नाहीत.

"हसताय काय? मान्सानं तीन बार खाल्लं. पुडीवर इंग्लिश लिवलंय, तिनं काय वाचावं? काय झालं असतं म्हंजे?"

"अहो, त्यानं काही विष होत नाही, ताई."

"तिला कुठं म्हाईत व्हतं?"

लगेच लाल स्टिकर! पुड्यांचं सगळं खोकं बंद. कारण, 'वाचणाऱ्याला कळत नाही.' साहेब वैतागले, पण आता पुडीवर मराठी आहे आणि तोंडावर फुली मारलेलं चित्रही आहे. ते चित्र पाहून आमच्या कँटीनवाल्याला वाटलं, हॉलमध्ये बोलायला बंदी केलीय. तो महिनाभर चहा देताना खुणा करत होता!

आणि उरलेल्या जुन्या पुड्यांचं काय झालं? एक रऊफभाईंच्या पान्यांच्या पेटीत, एक माझ्या कपाटात साड्यांमध्ये. सिंधूताईंनी नेली ती दहावीच्या मार्कमेमोच्या पिशवीत ठेवली. हो, तोपर्यंत दहावी झाली होती.

*

आता बोरसे साहेबांबद्दल थोडं. माणूस वाईट नाही. नियमाचा पक्का. त्यांना डॉक्टरांनी गोड बंद केलं होतं आणि ते हे येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला सांगायचे. घरून रोज मेथीचे पराठे यायचे. रोज! फॅक्टरीचा भोंगा चुकेल, पण मेथी चुकणार नाही. त्याबरोबर कोरडी चटणी. साहेब पराठ्याकडे ज्या नजरेनं बघायचे, ती बघून मलाच वाईट वाटायचं.

आम्ही गोड चटणीचे छोटे सॅशेही करतो. सॅशेच्या कडेला एक बारीकशी खाच असते. तिथून धरलं की सॅशे सरळ फाटतो. एकदा खाच पाडणारं पातं तुटलं. नवं यायला दोन दिवस लागणार होते.

साहेब म्हणाले, "चालू द्या तसंच. एवढ्याशा खाचेनं काय अडतंय? लोक दातांनी फाडतील."

सिंधूताईंनी स्टिकर लावलं. कारण, 'सासूला दात नाहीत.'

साहेबांनी स्वतः खाली येऊन ते स्टिकर काढलं. "ताई, सगळी दुनिया तुमच्या सासूबाईंसाठी चालत नाही."

"बरं," एवढंच म्हणाल्या ताई. मला वाटलं, चला, एकदा तरी माघार घेतली.

जेवणाच्या सुट्टीत त्या बिनखाचेचा एक सॅशे बशीत ठेवून साहेबांच्या केबिनमध्ये गेल्या. "साहेब, नवी बॅच हाये. चव बगून सांगता का?"

साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं. मी दारातच फाईल घेऊन उभी होते. मला बघून ते घाईनं म्हणाले, "सोनवणे, हे खाणं नाही हं. हे टेस्टिंग आहे."

हात पराठ्यानं तेलकट झालेले. सॅशे इकडून फाटेना, तिकडून फाटेना. बोटं सटकायला लागली. शेवटी साहेबांनी तो दातात धरला आणि जोर लावला. निम्मी चटणी शर्टावर, निम्मी भिंतीवरच्या कंपनीच्या कॅलेंडरवर!

ताईंनी बशी उचलली आणि म्हणाल्या, "तुमाला तर बत्तीस हायेत, साहेब."

नवं पातं त्याच दिवशी दुपारी टॅक्सीनं आलं.

*

चटणीच्या बरणीच्या झाकणावर मधोमध एक गोल उंचवटा असतो. आम्ही त्याला बटण म्हणतो. चटणी गरम भरतात, झाकण लावतात, ती गार झाली की आतली हवा आकसते आणि बटण आत ओढलं जातं. बटण खाली बसलेलं असलं तर बरणी पक्की बंद आहे. कुणी ती एकदा जरी उघडली तर बटण वर येतं, आणि मग दाबलं की 'टक्' वाजतं. पुन्हा कितीही घट्ट लावा, ते काही आत बसत नाही.

हे कळल्यापासून सिंधूताईंचा अंगठा थांबला नाही. लाईनवरून जाणाऱ्या प्रत्येक झाकणावर अंगठा. पुढे पुढे त्यांना दाबायचीही गरज राहिली नाही, नुसता अंगठा फिरवला की कळायचं.

एकदा मी त्यांना घेऊन सिडकोतल्या मोठ्या दुकानात गेले. मला साबण घ्यायचा होता. साबण घेऊन वळते तो काय, ताई बरण्यांच्या फडताळासमोर उभ्या आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सगळी झाकणं दाबत चाललेल्या! जॅम, लोणचं, सॉस, काही सोडलं नाही. मागे दुकानाचा गार्ड.

"बाई, काय चाललंय?"

"थांब जरा, मधी बोलू नको."

शेवटून तिसऱ्या बरणीपाशी 'टक्' वाजलं. माल आमचा नव्हता. बाईंनी पर्समधून लाल स्टिकर काढलं. पर्समधून! नाव, गाव, कारण सगळं लिहून चिकटवलं आणि बरणी गार्डच्या हातात दिली. "मालकाला द्या. म्हनावं, इकू नका, कुनाचं तरी लेकरू खाईल."

मी साबण तिथंच ठेवून बाहेर पळाले. माझं चुकलंच. मागे वळून पाहिलं तेव्हा गार्ड ती बरणी दोन्ही हातांनी धरून आत चालला होता, आणि मध्येच थांबून त्यानंही एकदा अंगठ्यानं दाबून बघितलं.

*

बारावीला पहिल्या खेपेला इंग्रजी राहिलं. निकालाच्या दिवशी ताई कामावर आल्या आणि थेट लाईनवर जाऊन उभ्या राहिल्या. रऊफभाईंनी त्या दिवशी 'कामूनताई' म्हणून हाक मारली नाही, गुपचूप त्यांच्या जागी स्टूल आणून ठेवलं. संध्याकाळी कंपनीच्या बसमध्ये मी त्यांच्या शेजारी बसले.

त्याच म्हणाल्या, "मॅडम, चेकरची जागा भरली का वो?"

"भरली. पण पुढच्या वर्षी दुसरी लाईन सुरू होतेय, तेव्हा आणखी एक निघेल."

"मंग येळ हाये की," म्हणाल्या आणि पिशवीतून इंग्रजीचं पुस्तक काढलं.

मुकुंदवाडी येईपर्यंत मी त्यांना निबंध समजावत होते.

दुसऱ्या खेपेला त्या पास झाल्या. पेढे आणले ते बरणीतून, आणि वाटण्याआधी प्रत्येकाला झाकण दाबायला लावलं!

*

दुसरी लाईन सुरू झाली, जागा निघाली, सात अर्ज आले. सहा मुलं डिप्लोमावाली, सातव्या सिंधूताई. हेड ऑफिसातून एचआरच्या मॅडम आल्या. बोरसे साहेब म्हणाले, नुसत्या गप्पांची मुलाखत नको, हातात माल देऊन परीक्षा घेऊ.

केबिनमधल्या लांब टेबलावर दहा नमुने मांडले. फाटक्या कडेचं पाकीट, तारीख नसलेलं पाकीट, गॅस नसलेलं, बिनखाचेचा सॅशे, असे नऊ नमुने सदोष होते. दहावी होती चटणीची बरणी, आमची मास्टर सँपल. म्हणजे सगळा माल जिच्याशी ताडून बघायचा ती आदर्श बरणी. तिच्या पोटावर साहेबांची सही. ती लोखंडी कपाटात कुलपात असते, कपाट साहेबांच्या केबिनमध्ये, आणि चावी साहेबांच्या गाडीच्या चावीबरोबर एकाच जुडग्यात.

"जो दहाव्यालाही स्टिकर लावेल तो बाद," साहेब एचआरच्या मॅडमना म्हणाले. "चांगल्याला चांगलं म्हणता आलं पाहिजे, हीच खरी परीक्षा."

एकेकाला दहा मिनिटं. घड्याळ माझ्या हातात. सहा मुलं येऊन गेली. कुणी सात दोष काढले, कुणी आठ, एकानं नऊच्या नऊ काढले. बरणीवरची सही बघितली की सगळे अदबीनं मागे सरकत होते.

शेवटी सिंधूताई आल्या. निळा कोट इस्त्री केलेला. "जय भीम," म्हणाल्या आणि कामाला लागल्या. दोष त्यांना भराभर दिसत होते, पण प्रत्येक स्टिकरवर नाव, गाव, कारण! माझा जीव टांगणीला.

साहेब म्हणाले, "अहो, नुसतं नाव लिहा. वेळ जातोय तुमचा."

"जाऊ द्या. रकाना हाये तर भरला पायजे."

नऊ झाले. दीड मिनिट उरलं होतं. ताईंनी दहावी बरणी उचलली. सही बघितली. सहीकडे बघून बरणी खाली ठेवतील, असं मी मनातल्या मनात म्हणत होते. त्यांचा अंगठा झाकणावर गेला.

टक्.

ताईंनी पुन्हा दाबलं. टक्. मग बरणी खिडकीच्या उजेडात धरली आणि हळूहळू फिरवली. एका जागी थांबल्या.

"आपल्या चटनीत हिरवं काय नसतं ना, मॅडम?"

"नाही," मी म्हटलं.

एचआरच्या मॅडम खुर्चीतून उठल्या, चष्मा सावरत काचेला नाक लावलं. "पान आहे काहीतरी. भाजलेलं." मग त्यांनी विचारलं, "त्या कपाटाची चावी कुणाकडे असते?"

जुडगं टेबलावरच पडलं होतं, जेवणाच्या डब्याशेजारी. साहेबांनी ते उचलून खिशात टाकलं. मग बाहेर काढून पुन्हा टेबलावर ठेवलं.

ताईंनी दहावं लाल स्टिकर सोलून साहेबांच्या सहीवर नीट, सुरकुती न पडू देता चिकटवलं. पेन उघडलं. सिंधू मिलिंद साळवे, मु. पो. देवगाव रंगारी.

साहेब माझ्याकडे न बघता म्हणाले, "सोनवणे, स्टोअरमधून एक पांढरा कोट मागवा. यांच्या मापाचा."

"मागवा की," सिंधूताई म्हणाल्या. पेन अजून स्टिकरवरच टेकलेलं होतं. "पन साहेब, कारनाच्या रकान्यात काय लिवू?"